बांधायचं नाही, सोडायचं नाही

आमची गल्ली एका दुपारीत पिवळी झाली. गावसुधार मंडळाच्या कचेरीत भिंतीवर गावचा नकाशा टांगलाय, त्यात कारकुनानं रंग भरले. पिवळा म्हणजे राहती वस्ती, हिरवा म्हणजे शेती. रंग वाळायच्या आत नियम वाचून झाले, त्यातला एक असा: पिवळ्या पट्ट्यात जनावर बांधू नये.

माझी थोरली जाऊ उभी राहिली. तिची एकच म्हैस, परसात खुंटाला. दीर अंथरुणाला खिळल्यापासून घर त्या म्हशीच्या कासेवर चाललेलं.

"अध्यक्षसाहेब, म्हैस नेऊ कुठं?"

"हिरव्यात न्या."

"हिरव्यात आमची वीतभर जमीन नाही."

"मग विका. गाव सुधारायचं तर थोडं सोसावं लागतं, वहिनी."

सुधारणारे ते, सोसणारे आम्ही. ही वाटणी काही आजची नाही. साहेबांचा नवा बंगला आमच्या गल्लीच्या तोंडाशी. शेणाचा वास पाहुण्यांच्या नाकाला झोंबतो म्हणे. पाहुण्यांना देवानं नाक दिलं, आम्हाला नुसतं पोट.

जाऊ मुळातच भित्री, शिक्का दिसला की पदर सावरणारी. घरी आली ती थेट परसात गेली नि म्हशीचं दावं सोडलं.

"अक्का, हे काय?"

"बांधू नये म्हणालेत ना. नियम मोडला तर उद्या म्हैसच ओढून नेतील."

"अगं, बांधू नये म्हणजे ठेवू नये."

"तसं असतं तर तसं म्हटलं असतं. शिकलेली माणसं आहेत, धाकटे."

शिकलेली तर होतीच.

सकाळी पूजा होईपर्यंत मी मौन पाळते, जुना नेम आहे. दुसऱ्या दिवशी अशीच ओसरीवर माळ घेऊन बसले होते. म्हैस डुलत समोरून गेली, साहेबांच्या फाटकात शिरली, हिरवळ चाखली आणि गुलाबाच्या वाफ्यात ऐसपैस बसली. हाक मारावीशी फार वाटली. पण नेम तो नेम. त्या दिवशी जप जरा सावकाश झाला, एवढं खरं.

साहेब बनियनवरच धावत आले. "वहिनी, आधी ती म्हैस बांधा."

"बांधायला मनाई आहे ना, साहेब." जाऊचा आवाज खरंच कापत होता.

"कुणी केली मनाई?"

गल्लीतल्या बायकांना हसू दाबायला पदर पुरेनात.

संध्याकाळी तातडीची बैठक बसली. जुना नियम मागे घ्यावा तर नाक कापलं जातं. म्हणून तो तसाच ठेवून खाली दुसरा डकवला: पिवळ्या पट्ट्यात जनावर मोकळं सोडू नये, सोडणाऱ्यास दंड.

जाऊ रडकुंडीला आली. "बांधायचं नाही, सोडायचं नाही. मग म्हशीचं करू काय?"

कारकून त्यातल्या त्यात दयाळू. कान खाजवत म्हणाला, "हातात धरा, काकू. धरलेलं जनावर बांधलेलं नसतं नि सुटलेलंही नसतं."

मंडळानं माना डोलावल्या. एवढ्या बुद्धीची माणसं एका छपराखाली मावतात, हीच नवलाई.

तेव्हापासून घरात पाळ्या लागल्या. सकाळी जाऊ. दुपारी मी, एका हातात माळ, दुसऱ्यात दावं. रात्री खिडकीतून दाव्याचं टोक दिराच्या मुठीत. अंथरुणावरच्या माणसाला पुष्कळ दिवसांनी काम मिळालं. जरा टवटवीतही दिसायला लागला.

साहेबांच्या घरी रतीब आमचाच. नातवाला दुसरं दूध सोसत नाही. दोनदा नोकर रिकाम्या भांड्यानं परत गेला, तेव्हा एका सकाळी साहेब स्वतःच किटली घेऊन आले. मी खिडकीशी पूजेत, जाऊ परसात एकटी.

"वहिनी, दूध?"

"धार काढायला दोन्ही हात लागतात, साहेब. माझा एक गुंतलाय."

साहेबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग किटली ठेवली आणि दावं हातात घेतलं. म्हशीनं शेणानं माखलेली शेपटी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून एकदा सावकाश फिरवली.

"घट्ट धरा हं," कासेखालून जाऊ अगदी काळजीनं म्हणाली. "सुटली तर तुमच्यावरच दंड बसायचा."