गुरुवारची साखळी

मला यंत्राने तोडलं असं म्हणू नका. तुम्ही मला गुरुवारीच तोडलं होतंत. तुकडे फक्त आज पडले.

मी साखळी बोलतेय. हडपसरच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. सळई लालबुंद तापवली, वाकवली, घणाखाली ठेचली, तेव्हा कुठे माझी एक कडी झाली. सगळ्या कड्या एकमेकींत अडकल्यावर मला पुन्हा तापवून पाण्यात बुडवलं. मी किंचाळले. माणसं त्याला चुरचुर म्हणतात! पाणी दिल्यावर आम्ही कडक होतो, पण काचेसारख्या ठिसूळही. म्हणून नंतर विजेच्या भट्टीत मंद आचेवर तासन्‌तास मुरावं लागतं.

देशाचे दरवाजे परदेशी व्यापाराला उघडून काही वर्षं झाली होती. बरोबरीची मुलं कॉम्प्युटर शिकून हिंजवडीकडे धावत होती, तेव्हा शर्मिला इंजिनिअर होऊन आमच्या शेडमध्ये माल तपासायला आली. आम्ही कुठे जाणार, हे तिनेच भट्टीवाल्या दशरथला सांगितलं. दूर कॅस्पियन नावाचा, चहूकडून जमिनीने वेढलेला समुद्र आहे. तिथली फेरीबोटींची जुनी बंदरं आता नवी होतायत. रूळ थेट धक्क्यापर्यंत आलेत. कंटेनर लादलेली मालगाडी डब्यांसकट बोटीत शिरते आणि डबे साखळ्यांनी जखडतात.

"अन् वादळात साखळी तुटली तर?"

"डबा सुटतो. मधे असेल तो खलाशी चिरडला जातो."

दशरथने एकदा भट्टीकडे पाहिलं आणि मान खाली घालून कामाला लागला.

आज आमच्या पेट्या भरून ट्रक दाराशी उभा राहिला. मालक उत्तरेश्वर खुशीत होते. ड्रायव्हर नागोरावला तर त्यांनी कालच आमच्यातली एक साखळी फुकट देऊन टाकली होती, ट्रकच्या मागच्या फाळक्याला लावायला.

"मॅडम, सॅम्पल वेगळी करून ठेवलीय. ती यंत्रावर ओढून बघा आणि सही करा."

"बोटीवर सॅम्पल जाणार आहे का, सर?"

"समुद्र पाहिलाय का कधी आपण? की नुसती मुठा नदीच?"

शर्मिलाने ट्रकवर चढून पहार घातली, पेटी फोडली आणि मला बाहेर खेचलं. दशरथचा चेहरा उतरला.

"ही नको, मॅडम. गुरुवारी लाइट गेली तवा ह्या भट्टीत होत्या. अर्ध्यातच काढल्या. जहाज थांबत नाय, म्हणाले साहेब."

"मग हीच!"

तिने मला ताण देऊन तपासायच्या यंत्रात अडकवलं. दशरथ संरक्षक जाळी ओढायला पुढे झाला, पण तिला दम कुठला! तिने रागाने खटका दाबला.

अर्धा भारही पडला नाही. गोळी सुटावी तसा आवाज झाला. माझी तुटकी कडी उडाली आणि दशरथच्या तळहातातून आरपार गेली. त्याची दोन बोटं तुटून जाळीशीच राहिली. रक्त माझ्या कड्यांवर उडालं, तिच्या तोंडावर उडालं.  दशरथ ओरडला.

आत्ता मी दोन तुकड्यांत जमिनीवर पडलेय. शर्मिला ओढणीने त्याचा हात करकचून बांधतेय. मी मारायला जन्मले नव्हते हो. धरून ठेवायला जन्मले होते. मला भंगारात टाका, वितळवा, पण पेटीतल्या माझ्या बहिणींना त्या बोटीवर पाठवू नका.

"एक तुटली म्हणून काय झालं?" उत्तरेश्वर ओरडले. "नागोराव, गाडी काढ!"

नागोरावने रक्ताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इंजिन बंद करून तो खाली उतरला.

"पेट्या उतरवून घ्या, साहेब. अन् काल फाळक्याला दिली ती साखळी बी घ्या माघारी. मला घाट उतरायचाय."