निवळी

चुन्याची निवळी काढावी ती गोदावरीबाईंनीच, असं आंधळगावच्या बाया म्हणायच्या. त्याच हातगुणानं त्या दिवशी घात केला.

त्यांच्या चिन्नोर धानाच्या बांधीत, बांध घातलेल्या त्या शेतात, करपा रोग शिरला होता. धान पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या पोटात; आभाळ गच्च भरलेलं. रोग पसरला असता तर गोदावरीबाईंनी माहेरून आणून इतकी वर्षं जपलेलं बियाणंच संपलं असतं. म्हणून सून दामिनी साकोलीहून नवं औषध घेऊन आली होती. डबी एकच मिळाली. डोळ्यांना न दिसणाऱ्या कॅप्सूलांत भरलेलं बुरशीनाशक. त्या पानाला चिकटून बसतात, हळूहळू उघडतात, पावसानंही सहजी धुऊन जात नाहीत. बादलीत औषध कालवून दामिनी नोझल साफ करत बसली. तोवर सासूनं पंप भरून दिला.

फवारत फवारत ती थोडी पुढं गेली आणि थबकली. पानांवरचे थेंब अगदी स्वच्छ होते. दुकानदारानं दाखवलेले तर दुधाळ होते!

"आई, पंपात काय भरलं तुमी?"

"वरचं निवळ पाणी," बांधाच्या धुऱ्यावरून गोदावरीबाई म्हणाल्या. "खाली पांढरा गाळ बसला होता. नोझलमंदी अडकला असता ना वं. तोच फेकून राहिली."

"फेकू नोका! तेच औषध हाये!"

दामिनी चिखलातून पडत-झडत धावली. पोचली तोवर अर्धा गाळ मातीत जिरला होता. तिनं बादली हिसकावूनच घेतली. विचारायचं नाही, सांगायचं नाही, हुशारी मात्र जगाची! पण औषध ढवळत राहावं लागतं, हे तिनं तरी कुठं सांगितलं होतं?

"म्हंजे मी धानाले पाणीच पाजलं काय?" सासूनं विचारलं.

पंपातलं पाणी गाळात परत ओतून दामिनीनं काडीनं ढवळलं. "पुऱ्या बांधीले नाही पुरत, आई. कोणती बाजू वाचवू?"

गोदावरीबाईंनी करपलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. पोटरीतल्या धानाला त्यांनी जन्मात कधी विळा लावला नव्हता.

"चांगल्या बाजूनं मार. रोगाचं मी कापून टाकते, म्हंजे पसरणार नाही," त्या म्हणाल्या आणि विळा घेऊन त्या कोपऱ्यात उतरल्या.

पहिल्याच मुठीत एक पोटरी फुटून कोवळी लोंबी बाहेर आली. ती पाहून त्या मोठ्यानं रडू लागल्या. हात मात्र त्यांनी थांबू दिला नाही.