कोजागिरीची दुर्बीण

आमच्या बेसा येथील वसाहतीत कोजागिरी कोणाच्या घरी व्हावी, हा प्रश्न गेली अकरा वर्षे कोणी विचारलाच नव्हता. ती यमुताईंकडे होत असे. यमुताईंचे अंगण मोठे, पातेले मोठे आणि आवाज त्याहून मोठा. त्यामुळे भुलाबाईची गाणी, खिरापत आणि दूध या तिन्ही बाबतींत अखेरचा शब्द त्यांचाच. मी शिस्तीची बाई आहे. अकरा वर्षे मी त्यांच्याकडचे पातळ दूध विनातक्रार प्राशन केले.

यंदा मात्र माझी नात अदिती हिने आपल्या पहिल्या पगारातून दुर्बीण घेतली. दुर्बीण म्हणजे मी डोळ्यांना लावायचे काहीतरी समजत होते. प्रत्यक्षात घरात आली ती माझ्या खांद्याइतकी उंच, पिंपाच्या तोंडाची एक नळी. तिच्या तळाशी आरसा, आणि तिला बसायला जात्यासारखी गोल फिरणारी लाकडी बैठक. बरोबर तीन भिंगे आली. ती वैदेहीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, मसाल्याच्या रिकाम्या डब्यात ठेवण्यात आली. अंधाराला सरावलेली नजर बिघडू नये म्हणून अदितीने बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटिनचा कागद बांधला. खंडेनवमीला इतर अवजारांबरोबर मी दुर्बिणीचीही पूजा केली. आरशाला बोट लावायचे नाही, या अटीवर बैठकीला हळदकुंकू लावण्याची परवानगी मला मिळाली. मला कोणी अट घालण्याचा तो पहिला प्रसंग होता. दुसरा फार लांब नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "यंदा कोजागिरी आमच्या परसात होईल. सर्वांना चंद्र जवळून दाखवण्यात येईल."

"चंद्र तर मले माझ्या अंगणातूनबी दिसते, देवकीबाई," यमुताई म्हणाल्या.

"दिसतो. परंतु दुरून."

बायका हसल्या. यमुताई हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला. "बरं. पाहू तुमची दुर्बीण. पण बायका जर हिरमुसून घरी गेल्या, तर पुढच्या सालापासून कोजागिरी कायमची माझ्या घरी. मंग तुमी त्यात एक शब्द बोलाचा नाई."

अडतीस बायकांसमक्ष मी मान्य केले. मान्य न करणे हा माझा स्वभाव नाही.

घरी येऊन मी ही वार्ता सांगितली, तेव्हा अदितीच्या हातातला पोह्यांचा चमचा तोंडापर्यंत पोहोचला नाही.

"आजी! पौर्णिमेला कोणी चंद्र पाहते का?"

"सारा देश पाहतो, बाळ."

"नुसत्या डोळ्यांनी, आजी. दुर्बिणीतून नाही. पौर्णिमेला उजेड एकदम समोरून पडते. सावल्याच नसतात. डोंगर नाही, खड्डे नाही, सगळं सपाट. अष्टमीला बोलवायचं असते, तेव्हा उजेड तिरपा असते. हे घर बांधून राहिले होते तेव्हा तू बल्ब कुठून धरायला लावला होता?"

घराचे काम चालू असताना गवंड्याने भिंतीसमोर बल्ब धरून "पाहा बाई, काचेसारखी भिंत" असे म्हटले होते. मी तोच बल्ब भिंतीला चिकटवून बाजूने धरायला लावला, तेव्हा तीच भिंत नांगरलेल्या शेतासारखी दिसली आणि तीन खोल्यांचे प्लास्टर पुन्हा खरवडावे लागले. त्यामुळे अदितीचे म्हणणे मला तत्क्षणी पटले. परंतु पटणे आणि माघार घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

"कोजागिरी अष्टमीला हलवता येत नाही," मी म्हणाले. "शनी दाखव. त्याला कडे असते ना?"

"असते. पण यंदा ते कडं आपल्याकडे धार करून आहे. नुसती रेघ दिसते. पंधराएक वर्षांत एकदा असं होते."

"आणि ते त्याने यंदाच करायचे ठरवले?"

"हो, आजी."

त्यानंतरचे तीन दिवस आम्ही जमेल तेवढी तयारी केली. चंद्राची झळाळी कमी करणारे काळे भिंग वेळेत मिळणे शक्य नव्हते. अदितीने संत्रा बर्फीच्या खोक्याचे झाकण घेतले, वाटी उपडी ठेवून त्यावर वर्तुळ आखले आणि छिद्र कापले. छिद्र मध्यभागी नको, बाजूला हवे, कारण मध्यभागी आतला छोटा आरसा आड येतो. ते झाकण नळीच्या तोंडावर बसवले की आत कमी उजेड जातो. खोक्यावरील संत्र्याचे चित्र आकाशाकडे तोंड करून राहिले. मला ते रुचले नाही, परंतु वेळ सौंदर्याची नव्हती.

कोजागिरीच्या संध्याकाळी दुर्बीण तासभर आधी परसात नेऊन ठेवली, कारण तिचा आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हावा लागतो. चौकीदार रुपराव यांनी माझ्या सूचनेनुसार गल्लीतला दिवा मालवला. साडेसात वाजता कढीलिंबाच्या झाडापासून फाटकापर्यंत रांग लागली. पाहुण्यांच्या आधी यजमानाने पाहू नये हे मला ठाऊक आहे. परंतु वडीलकीच्या मानाने पहिली पाळी माझी होती.

नुकत्याच घासलेल्या ताटावर ऊन पडावे, तसा चंद्र दिसला. पांढरा, सपाट आणि डोळ्यांत पाणी आणणारा.

"स्वच्छ आहे," मी म्हणाले. हे असत्य नव्हते.

माझ्यामागून बायका एकेक करून बसल्या आणि उठल्या. एकीने "गोल आहे" म्हटले. दुसरी म्हणाली, "बरा दिसून राहिला," जणू चंद्र दवाखान्यातून घरी आला होता. तिसरीने दूध कधी आहे ते विचारले. आणि मग यमुताई स्टुलावर बसल्या. त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलती केली.

"देवकीबाई," शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचा ससा उलटा हाय."

"कोणता ससा?"

"चंद्रावरचा वं! पाय वर, डोकं खाली. माझ्या अंगणातून तर बिचारा सरळ बसलेला दिसते."

रांगेत हशा पिकला. अदिती पुढे झाली. "यमुआजी, आत आरसे असतात ना, म्हणून चित्र उलटं पडते."

"म्हणजे फुकट पाहिला तर सरळ, अन् दुर्बीण घेऊन पाहिला तर उलटा? मंग घेतली काहून?"

आता रांग उरलीच नव्हती. सगळ्या जणी यमुताईंभोवती गोळा झाल्या. मी अदितीला शनी दाखवण्याची आज्ञा केली. तिने बर्फीचे झाकण काढले, नळी थोडी फिरवली, भिंग बदलले. यमुताईंनी पाहिले.

"सुईत ओवलेला मणी हाय. कडं कुठी गेलं?"

"आडवं आहे, यमुआजी."

"चंद्र उलटा, शनी आडवा," यमुताईंनी स्टुलावरून उठत जाहीर केले. "बायांनो, घरी जाऊन आपापला चंद्र पाहा. मी म्हणलं होतं का नाई, पुढच्या सालापासून..."

"यमुआजी, चूक माझी आहे," अदिती एकदम म्हणाली. बर्फीचे झाकण तिने दोन्ही हातांनी छातीशी धरले होते. "मी आजीला आधीच नीट सांगायला..."

मी हात वर केला. मी फक्त मान हलवली असती, तर कोजागिरी वाचली असती. पोरीच्या चुकीबद्दल आजीला कोणी शिक्षा करीत नाही. अडतीस बायका माझ्याकडे पाहत होत्या.

"अदितीने मला स्पष्ट सांगितले होते की पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून पाहण्यासारखा नसतो," मी म्हणाले. "मी ऐकले नाही. चूक माझी आहे."

वैदेही दूध ढवळत होती. तिचा डाव हवेतच थांबला. सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने या घरात प्रथमच ऐकले होते, आणि ते पुन्हा ऐकायला मिळेल की काय, अशा आशेने ती माझ्याकडे पाहत राहिली.

"पुढील वर्षापासून कोजागिरी यमुताईंकडे," मी पुढे म्हणाले. "ठरल्याप्रमाणे. परंतु ज्यांना चंद्र खरोखर पाहायचा आहे, त्यांनी दिवाळीनंतरच्या शुद्ध अष्टमीला सायंकाळी सात वाजता येथे यावे."

"दूध राहीन काय?" यमुताईंनी विचारले.

"राहील. घट्ट."

अष्टमीला अकरा जणी आल्या. यमुताई सर्वांत आधी. मी काय फजिती करून घेते ते पाहायला आल्याचे त्यांनी फाटकातच सांगितले. त्यांनी चष्मा काढून वैदेहीच्या हाती दिला, स्टुलावर बैठक मारली आणि डोळा लावला.

"अगं माय!"

रांग एक पाऊल पुढे सरकली.

"हे तर तव्यावरचं धिरडं! किती भोकं, वं! अन् या भोकाच्या मधात एक डोंगर हाय... त्याची सावली पडली. चंद्रावर सावली पडते?"

"पडते," मी म्हणाले. "यमुताई, इतरांनाही पाहायचे आहे."

"पाहतीन न वं. चंद्र कुठी पळून राहिला काय?"

"खरंच पळून राहिला, यमुआजी," अदिती म्हणाली. "दर दोन मिनिटांनी नळी सरकवावी लागते. अशी, दोन बोटांनी."

ही माहिती देणे चूक ठरले. यमुताई नळी स्वतःच सरकवू लागल्या, आणि नळीबरोबर स्टूलही. वीस मिनिटांत त्या तुळशीच्या कट्ट्यापर्यंत पोहोचल्या. मागे दहा बायकांची रांग वळण घेत सरकत होती. कोणीही दुधाची चौकशी केली नाही. अखेर वैदेहीने त्यांना दंडाला धरून उठवले.

निघताना यमुताई फाटकाशी थबकल्या. चपलेत पाय घालायला त्यांनी फार वेळ लावला.

"देवकीबाई, मी काय म्हणून राहिली, वर्षाला अष्टम्या किती होतात?"

"शुद्ध अष्टम्या बारा. अधिक मास आल्यास तेरा."

"अन् कोजागिरी एकच." त्यांनी माझ्याकडे न पाहता कुंपणाकडे पाहिले. "माझ्या अंगणात झाड नाई. चंद्र आडोशाला जात नाई. असं करा, कोजागिरी तुमीच ठेवा. अष्टम्या मले द्या."

अकरा वर्षे मी ज्या शब्दांची वाट पाहिली होती, ते माझ्या फाटकात आपणहून उभे होते. सभ्यतेला आवश्यक तेवढा वेळ मी विचार केला आणि म्हणाले, "नाही. कोजागिरी तुमचीच. अष्टम्या माझ्या."