पुढच्या दाराचं नाव

अलार्म बसवायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात चोरण्यासारखं नेमकं काय आहे, याचा विचार कुणी केला नाही. माझं शिलाई मशीन उचलायला दोन माणसं लागतात आणि आमचा टीव्ही चोराने दुसऱ्या दिवशी परत आणून दिला असता. पण नवरा विमा कंपनीत आहे. दिवसभर लोकांच्या आगी, चोऱ्या आणि फुटलेल्या पाइपांबद्दल वाचून तो घरी येतो आणि आमच्या छताकडे संशयाने बघतो.

खरं कारण होतं सासरे. मध्यंतरी एका दुपारी ते नेहमीसारखे फिरायला गेले आणि परतायचा रस्ता विसरले. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला ते भलत्याच गल्लीत, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेले दिसले. त्याने हाताला धरून घरी आणलं. "उन्हाने जरा गरगरलं," सासरे म्हणाले. आभाळ भरून आलेलं होतं. आम्ही काही बोललो नाही. नाजूक गोष्टी न बोलता आपोआप मिटतात अशी आमच्या घराची समजूत आहे, आणि आजवर एकही मिटलेली नाही.

बोलण्याऐवजी नवऱ्याने वायरलेस अलार्म मागवला. "चोरांचा सुळसुळाट झालाय," असं त्याने वडिलांना सांगितलं. सासऱ्यांनी उभा जन्म सिनेमाच्या थिएटरच्या दारावर तिकिटं फाडली. दारातून कोण खरं बोलून जातोय आणि कोण थाप मारून, हे त्यांना चेहरा बघून कळतं. ते "बरं" म्हणाले.

वायर नसल्यामुळे काम चुटकीसरशी होतं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. पुस्तिका लिहिणाऱ्याला माझा नवरा माहीत नव्हता. दाराच्या सेन्सरचे दोन पांढरे तुकडे असतात, एक दारावर, एक चौकटीवर. दार उघडलं की ते एकमेकांपासून लांब जातात आणि भिंतीवरच्या डब्याला बातमी पोचते. त्याने ते आधीच इतके लांब चिकटवले की दार बंद असूनही डबा उघडं म्हणून सांगत राहिला. हॉलमधल्या हालचालीच्या सेन्सरने मी शिवून टांगलेला पडदा माणूस समजून बोंब ठोकली. या सगळ्या वेळात सासरे स्टूल धरून उभे होते. "जरा वर घे, अजून जरा," असं सांगत होते. शेवटी दारावरचा तुकडा त्यांनीच अंगठ्याने दाबून पक्का केला.

मग मोबाईलवर प्रत्येक सेन्सरला नाव द्यायचं होतं. मागचं दार, खिडकी, हॉल. पुढच्या दाराला त्याने काय नाव दिलं ते मी पाहिलं नाही. खोक्यात अलार्म बंद करायचे रिमोट दोन होते, घरात माणसं तीन. "बाबा, तुम्ही तर घरीच असता," नवरा म्हणाला. सासरे पुन्हा "बरं" म्हणाले.

बेत असा होता की दुपारी नवरा ऑफिसातून फोनवरून फक्त दारांचा अलार्म चालू करणार. सासरे निघाले की तो वाजणार आणि मी धावत जाऊन त्यांना थांबवणार.

"त्यांना सांगायचं ना?" मी विचारलं.

"सांगू की."

"कोण?"

"बघू."

मीही मान डोलावली. मला गिऱ्हाइकाचे पडदे पुरे करायचे होते.

लग्न होऊन या घरात आल्यापासून आमच्याकडे एक जुनी यंत्रणा होती. सासरे चपला घालता घालता "येतो गं" म्हणायचे आणि मी मशीनवरून मान वर न करता "या" म्हणायचे. त्या दुपारीही ते "येतो गं" म्हणाले. मीही सवयीने "या" म्हटलं. त्यानंतर जो काही आवाज झाला, त्याने माझ्या हातून सुई तुटली.

माझा रिमोट बॉबिनांच्या डब्यात होता. तो सापडेपर्यंत सलूनवाला कात्रीसकट आला, त्याच्यामागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आलं, आणि वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन कान झाकून उभी राहिली. सासरे उघड्या दारात होते, एक पाय बाहेर, एक आत. आवाज थांबला. भिंतीवरच्या डब्यावर लाल अक्षरं आली: घुसखोरी – बाबा.

त्यांनी चष्मा लावला आणि ते नीट वाचलं. "नाव तर बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. मग आत आले, चपला काढून एकीला एक लावून ठेवल्या आणि खोलीत गेले. मला इतकी लाज वाटली की मी सलूनवाल्याला काही न सांगताच दार लावून घेतलं.

त्यानंतर ते बाहेर पडेचनात. "येतो गं" बंद झालं. अलार्म उत्तम चालत होता.

"बघ, झाला की नाही उपयोग?" रात्री जेवताना नवरा हळूच म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "ते समोर बसलेत. त्यांना विचार."

नवऱ्याने घास खाली ठेवला. सासरे पाणी प्यायले.

"त्या दिवशी ऊन नव्हतं," ते म्हणाले. "मी रस्ता विसरलो. त्या पायरीवर बसून आपल्या दाराचा रंग आठवत होतो, आठवेना. तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त भीती मला वाटते. मला विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, लावा. स्टूल तर मीच धरलं होतं."



"मग आता काय करायचं, बाबा?" नवऱ्याने पहिल्यांदाच विचारलं.

"थिएटरात बाहेर जाणाऱ्याला आम्ही अडवत नसू. मध्येच कुणी उठला तर अर्धं तिकीट त्याच्याजवळ आहे ना, एवढं बघायचो. परत येता यावं म्हणून."

मी उठले आणि माझा रिमोट त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. सलूनपर्यंत जायचं, तिथे बसायचं आणि परत यायचं, असं त्यांनीच ठरवलं. नवरा फोन काढून दाराचं नाव बदलत बसला. त्याला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी बीप वाजलं. "येतो गं."

"या," मी म्हटलं आणि मशीन थांबवलं.

लगेच नवऱ्याचा फोन. "गेले?"

"गेले."

"दिसतायत?"

मी खिडकीशी गेले. सलूनवाल्याने दारातूनच हात वर केला. "बसलेत तिथे," मी फोनवर सांगितलं.

फोन त्याने ठेवला नाही, मीही ठेवला नाही. त्याच्या बाजूला कुणीतरी कागद फाडत होतं. माझ्या बाजूला मशीन गप्प होतं. बऱ्याच वेळाने दाराशी बीप झालं आणि त्याच्या फोनवरही काहीतरी वाजलं.

"पुढचं दार उघडलं," त्याने वाचलं.

"आले," मी म्हटलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "ऑफिसात एसी फार आहे," तो म्हणाला.

मी "बरं" म्हटलं.