पाद्यपूजेनंतरचा डाव

बजाजनगरच्या दोन खोल्यांत माझं तोंड मावत नाय, म्हणून लेकानं मला पडेगावच्या ह्या वृद्धाश्रमात आणून ठेवलं. इथं सगळे गोड बोलतात. डॉक्टर घ्या, देणगीवाले घ्या. "आजी, कशा आहात?" म्हणतात आणि मी तोंड उघडायच्या आत पुढच्या खाटेपाशी.

खरं बोलायची ती एकटी दीपमाला, सातवीतली. दर शनिवारी शाळेची बस येते, पोरं म्हाताऱ्यांजवळ बसतात. ती माझ्याकडं येते. आम्ही ओट्यावर सागरगोटे खेळतो.

"आजी, उचलताना शेजारचा हलला. डाव गेला तुमचा."

"डोळे फुटले का तुझे? वारं आलं."

"वाऱ्यानं गोटा हलतो व्हय? रडी खाऊ नका."

कधी म्हणून जिंकू देत नाय भवानी. आठवडाभर मी एकटीच गोटे झेलत हात बसवते, तिला एकदा खरंखुरं हरवायचं म्हणून.

ह्या शनिवारी शाळेच्या बाईंनी नवीन टूम काढली. पाद्यपूजा. पराती, हळदीकुंकू, वर फोटोवाला.

मी म्हणाले, "बाई, आमच्यात नवरात्रात कुमारिकेचे पाय आपण धुतो. हे उलटं कुठून आणलं?"

"आजी, मुलींना संस्कार नकोत का?"

"तिला लई हायेत. मी चुकले की तोंडावर सांगते."

बाई हसल्या नाहीत. "पूजा झाल्यावरच मुलं खेळतील," म्हणाल्या.

मग काय करते? ठेवले पाय परातीत. दीपमालानं पाणी घातलं, कुंकू लावलं, डोकं टेकवलं. वर बघेना. बाईंनी सगळ्या पोरांकडून म्हणवून घेतलं, आजीआजोबा म्हणजे देव, त्यांना कधी उलट बोलणार नाही.

नंतर आम्ही ओट्यावर बसलो. पहिल्याच झेलीला माझ्या हातानं शेजारचा गोटा हलला. ती गप्प.

"हलला की गं."

"असू द्या, आजी."

"असू द्या काय? बोल की."

"नाही हलला."

तिच्या पाळीला तर वर उडवलेला गोटा तिनं हातातून सोडून दिला, माझ्या डोळ्यादेखत. माझं टाळकं सरकलं. मी मुद्दाम दोन गोटे बोटानं सरकवले, एक पदराखाली घातला. पोरगी बघत राहिली. ओठ दाबून धरले होते, पण शब्द फुटला नाय.

बसचा हॉर्न वाजला. "तुम्ही जिंकल्या," म्हणाली, परत पाया पडली अन् पळाली.

मला उठायला कुणीतरी लागतं. बसल्या जागेवरनं ओरडले, "दीपे, मी चोरी केली गं. गोटा पदराखाली हाय. ये, बघून जा."

बाईंनी बसच्या खिडकीतून हसून हात हलवला. मग सगळ्या पोरांनी हलवले. दीपमालाही हलवत होती, शहाण्या मुलीसारखी.