चौथा डबा आधी

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. सिनेमा दाखवायचे यंत्र. हल्ली मी थिएटरच्या दाराजवळ नुसता उभा असतो. येणारी मुले माझ्या चाकाला बोट लावतात आणि त्यांच्या आया त्यांना दंडाला धरून ओढून नेतात. ओढू नका हो. लावू दे बोट. मला बरे वाटते.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचे अंग, बारीक दातांची चाके आणि पुढे गोल भिंग. माझे दात घासणाऱ्या कारागिराने प्रत्येक दातावरून स्वतःचे बोट फिरवून पाहिले होते. फिल्मवर ओरखडा उठला तर त्यात एखाद्याचा चेहरा फाटतो, असे तो म्हणायचा. मग मी या थिएटरच्या वरच्या चिंचोळ्या खोलीत आलो. तिथे माझा एक जुळा भाऊही होता. माझे रीळ संपत आले की तो सुरू व्हायचा, त्याचे संपत आले की मी. खाली बसलेल्यांना पत्ताही लागत नसे.

आम्हाला सांभाळायचे ऑपरेटरकाका. सकाळी येऊन तेल घालायचे, मऊ फडक्याने भिंग पुसायचे आणि विचारायचे, "काय राजे, तब्येत काय म्हणते?" तेव्हा सिनेमा पत्र्याच्या डब्यांतून यायचा. सहा डबे, सहा रिळे. काका ते फळीवर ओळीने लावून ठेवत आणि डावीकडून एकेक उचलत. डब्यावरचा आकडा ते कधी वाचत नसत. "हाताला ठाऊक आहे," म्हणत. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता.

कितीतरी वर्षे आम्ही लोकांना रडवले, हसवले. आणि मग तो सिनेमा आला.

तो होता एका होतकरू लेखिकेवरचा विनोदी सिनेमा. नायिका एका पायात लाल आणि एका पायात हिरवा बूट घालायची, छत्रीवर कविता लिहायची आणि काचेच्या भांड्यातल्या माशाला आपली गोष्ट वाचून दाखवायची. पहिले रीळभर हेच. 'हसून हसून लोळाल' असे बाहेर फलकावर लिहिले होते. लोळले कोणीच नाही. लोक घड्याळ बघत. एकजण तर चक्क घोरत होता, आणि तो आमचा मॅनेजर होता.

मला मात्र वाईट वाटे, कारण चौथ्या रिळात एक प्रसंग होता. नायिका आपली पहिली गोष्ट बाबांना वाचून दाखवते. बाबा कामावरून आलेले, बूटही न काढता ऐकायला बसतात आणि तिसऱ्या वाक्याला झोपी जातात. ती त्यांना उठवत नाही. आवाज हळू करते आणि शेवटपर्यंत वाचते. ती फिल्म दातांवरून सरकताना मी जरा जपूनच फिरे. पण तिथवर येईपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असत.

त्या सिनेमाच्या शेवटच्या दिवशी दुपारच्या खेळाआधी काकू वर आल्या. काकू म्हणजे काकांची बायको, खाली तिकिटे द्यायच्या. फळीवरची धूळ बघून त्यांना राहवेना. काका चहाला गेले होते, तेवढ्यात त्यांनी सगळे डबे उतरवले, पुसले आणि घरच्या फळीवर लावतात तसे परत लावले. चकचकीत डबा पुढे, गंजलेले मागे. सगळ्यात चकचकीत होता चौथा. तो डावीकडे पहिला आला, बाकीचे होते त्याच ओळीने मागे.

मी बघत होतो. पण यंत्राने सांगावे कसे?

शेवटची रांग माझ्या खिडकीच्या अगदी खाली होती. तिथे एक चष्मेवाली मुलगी तिच्या आईबरोबर येऊन बसली.

"हा मी लिहिलेला पहिला सिनेमा आणि हाच शेवटचा," मुलगी म्हणाली. "सोमवारी मी त्या ऑफिसात रुजू होतेय. माझ्या वह्या रद्दीत दे."

"देईन हो. आधी बघू तर दे. सगळ्या गावाने बघितला, मीच राहिले."

"गावाने कुठे बघितलाय, आई? पंधरा माणसं आहेत. त्यात आपण दोघी."

काकांनी डावीकडचा पहिला डबा उचलला. मला फिल्मची पहिली चौकट लागताच कळले, हे चौथे रीळ आहे. दिवा लागला. पडद्यावर थेट बाबा आले, बूट घातलेले, डुलक्या घेणारे.

थिएटर शांत झाले. पेंगुळलेली शांतता नव्हे ती. ती मी पुरती ओळखतो. ही ऐकणारी शांतता होती.

वीस मिनिटांनी भावाने पुढचे रीळ सुरू केले आणि पडद्यावर सिनेमाचे नाव झळकले, मागोमाग ते लाल-हिरवे बूट. काकांच्या तोंडचे पाणी पळाले. ते बंद करायला धावले, तोच काकू जिना चढून आल्या.

"थांबवू नका."

"अगं, डबे उलटेसुलटे झालेत. माझी अब्रू जाईल."

"जाऊ दे. खाली लोक हसतायत."

खरेच हसत होते. नायिका माशाला गोष्ट वाचू लागली तेव्हा आता सगळ्यांना ठाऊक होते, की घरी हिचे ऐकणारे कोणी जागे राहत नाही. तोच मासा, तेच बूट, तीच छत्री. खाली चष्मेवालीची आई डोळे पुसत हसत होती. "मासा गुणी आहे गं," ती म्हणाली. "झोपत तरी नाही."

खेळ संपला तेव्हा पंधरापैकी एकही माणूस उठून गेला नव्हता. उलट त्यांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा माणसांच्या टाळ्या केवढ्या मोठ्या असतात, हे मला त्या दिवशी कळले.

मुलगी धापा टाकत वर आली. "डबे कोणी लावले?"

"मी," काकू म्हणाल्या. "चुकलं बाई. ह्यांना काही बोलू नका."

"चुकले होते मी, काकू. साधी गोष्ट लोक ऐकणार नाहीत असं वाटलं, म्हणून आधी सगळ्या गमती कोंबल्या. पुन्हा एकदा दाखवाल? असाच?"

काकांनी मान हलवली. "असाच. आता हाताला ठाऊक झालंय."

सोमवारी ती ऑफिसात गेली नाही. रद्दीत गेले ते नेमणुकीचे पत्र. दोन वर्षांनी तिचा दुसरा सिनेमा आला, आणि मोठमोठी थिएटरे सोडून तिने पहिला खेळ आमच्याकडे लावला. पायरीवर, भिंतीला, जागा मिळेल तिथे माणसे. शेवटच्या रांगेत आई. त्या दुपारी मी असा फिरलो, असा फिरलो, की नव्या यंत्रालाही जमले नसते.

मित्रांनो, माझ्यासारखे एखादे जुने यंत्र दिसले तर त्याला गंजू देऊ नका. थेंबभर तेल घाला, मऊ फडक्याने पुसा. आणि तुमच्या घरात कोणी लिहीत असेल, ताई, दादा किंवा आई, आणि ते जमले नसेल, तर लगेच वही मिटू नका. शेजारी बसा आणि विचारा, "यातलं तुला सगळ्यात आवडतं काय? आधी ते वाच." आणि मग, कितीही दमला असलात, तरी जागे राहा.