उलट्या क्रमाने

भावोजी दुकानाच्या दारातच थबकले. "वहिनी, अजून विचार करा. उद्या सकाळी भंगारवाला यायचाय. आज पुस्तक घ्यायचं आणि उद्या गाडी टेम्पोत चढवायची, याला काय अर्थ?"

"पुस्तक मिळालं तर गाडी चढणार नाही," ती म्हणाली आणि आत शिरली.

घरामागच्या शेडमध्ये तिच्या नवऱ्याची दोन सीटांची जुनी विलायती गाडी सुटी होऊन पडली होती. ती आईच्या आजारपणात माहेरी गेली, तेव्हा त्याने इंजिन उघडायला घेतलं. 'काढायचं मी उरकतो, बसवू दोघं मिळून,' असं फोनवर म्हणाला होता. ती परतली ती त्याचं शेवटचं तोंड पाहायला. एरवी गाडीखालून त्याचा हात बाहेर आला, की कुठला पाना द्यायचा हे तिला न सांगता कळे. या खेपेला आधी काय निघालं, मागून काय, ते तो बरोबर घेऊन गेला होता.

जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने शिडीवरून त्या गाडीवरची तीन पुस्तकं उतरवली. पहिल्यात पानोपानी झगमगत्या गाड्या.

"हे पाहुण्यांना दाखवायला," भावोजी म्हणाले. दुकानदाराने हसून ते बाजूला सारलं.

दुसरं सोपं होतं. भावोजी पडले शिंपी, चित्रं बघून खूश झाले. "हेच घ्या. स्क्रू न् स्क्रू दाखवलाय."

तिने इंजिनाचं प्रकरण काढलं. खोलायची पानंच्या पानं, आणि शेवटी एकच ओळ: बसवताना हेच उलट्या क्रमाने करावे. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"काढताना मी नव्हते, भावोजी. उलटं कशाचं करू?"

"अहो, खालून वर वाचायचं!"

"दुसऱ्याने उसवलेला कोट तुम्ही असाच शिवता?"

भावोजींनी मान खाली घातली. "छे. तो पहिल्यापासून बेतावा लागतो," ते हळूच म्हणाले.

तिसरं गाडीच्या कारखान्याचं स्वतःचं होतं, जाडजूड, तेलकट अंगठ्यांच्या ठशांनी काळवंडलेलं. त्यात जोडणीचं वेगळं प्रकरण होतं. कुठला बोल्ट किती आवळायचा तेही दिलेलं.

"पण हे तीन बेअरिंगच्या इंजिनाचं," दुकानदार म्हणाला. "मागून पाचाचं आलं. त्याला हे चालायचं नाही."

तिने पिशवीतून फडक्यात बांधलेल्या, इंजिनाच्या दांड्यावर बसणाऱ्या बेअरिंगच्या टोप्या काढून टेबलावर मांडल्या. तीन.

"दोन हरवल्या असल्या तर?" भावोजी म्हणाले.

"इंजिनात जागाही तीनच आहेत. बघून आलेय."

सकाळी भंगारवाल्याने फाटकावरून हाक मारली, तेव्हा इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं होतं. आत क्रँकशाफ्टचा दांडा ठेवला होता आणि भावोजी, बाह्या सारून, दोन्ही हातांनी तो सांभाळत होते. पुस्तक शेजारच्या स्टुलावर उघडं होतं.

"हात गुंतलेत!" भावोजी ओरडले.

"मग कधी येऊ?"

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. ती पुढची ओळ वाचत होती.

"येऊ नका," ते म्हणाले.

शेवटची टोपी बसली. वाचता वाचता तिने हात पुढे केला. भावोजींनी त्यात पाना ठेवला. चुकीचा होता. तिने तो परत दिला आणि हात तसाच पुढे धरला.